नगरच्या किल्ल्यातली चिमणी आणि दहावीचा इंग्रजीचा पेपर

फेब्रुवारी उजाडला की शेवगावातल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीच्या वर्गाचा रंग बदलतो. एरवी मागच्या बाकांवर चालणारी कुजबुज थांबते. गणिताची भीती असतेच, पण ती बोलून दाखवता येते. इंग्रजीची भीती मुले बोलत नाहीत, ती चेहऱ्यावर दिसते. शेवटचे पंधरा दिवस मी उजळणी घेतो. आठ शब्दजाती, काळ, प्रयोग बदला, दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांत सांगा, आणि मग गोष्ट लिहा. दरवर्षी तेच फळ्यावर लिहायचे, तेच पुसायचे.

एका वर्षी अशाच उजळणीत पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे अब्बा बाजाराच्या दिवशी गाडीवर बांगड्या विकतात. पोरगी पास झाली तर अकरावीला घालायचे, नाही तर घरी बसवायचे, असे घरात ठरलेले होते. हे तिनेच मला सांगितले होते, तेही आपण घड्याळातली वेळ सांगतो तितक्या सहजपणे. त्या दिवशी तिने विचारले, "सर, ये ग्रामर कौन बनाया?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अंग्रेज बनाये." ती खाली बसली. पण उत्तर देताना मलाच ते खोटे वाटत होते. मी बी.एड. केले आहे, दहा वर्षांहून अधिक काळ हाच विषय शिकवतो आहे, आणि दहावीला मी स्वतः इंग्रजीत नापास होऊन ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटलेला माणूस आहे. ज्या विषयाने मला सहा महिने घरात मान खाली घालून बसवले, तो आला कुठून, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. ही मोठ्या शहरांची आणि विलायतेची हकीकत असेल असे मला वाटले होते. निघाली ती बरीचशी आपल्याच जिल्ह्याची आणि गोदावरीच्या दोन काठांची.

नाव, नाम आणि इस्म

आपल्या उर्दू शाळेतले मूल एकाच वेळी तीन व्याकरणे शिकते. उर्दूच्या तासाला इस्म, ज़मीर, सिफ़त, फ़ेल. मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. इंग्रजीच्या तासाला नाउन, प्रोनाउन, ॲड्जेक्टिव्ह, व्हर्ब. तीन तास, तीन शिक्षक, तीन वह्या. एकच गोष्ट मूल तीनदा पाठ करते, पण ती एकच आहे हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून त्याला एकाच ओझ्याची तीन ओझी वाटतात.

खरे तर शब्दच साक्ष देतात. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव. संस्कृतातून मराठीत आलेले 'नाम' म्हणजे नाव. इंग्रजी 'नाउन' हा शब्द लॅटिनमधल्या 'नोमेन'वरून आला, त्याचाही अर्थ नावच. जगातल्या तीन वेगवेगळ्या विद्यापरंपरांनी माणसाच्या बोलण्यात पहिल्यांदा जे ओळखले, ते नाव होते.

या तिन्ही परंपरांचे हिशेब मात्र सुरुवातीला वेगळे होते. आपल्याकडे यास्काने निरुक्तात शब्दांचे चार वर्ग मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. अरबी व्याकरणाने तीन मानले : इस्म, फ़ेल आणि हर्फ़. ग्रीकांनी आठ मानले, ते लॅटिनने घेतले, आणि लॅटिनकडून युरोपातल्या भाषांनी उचलले. म्हणजे आठ शब्दजाती इंग्रजांनी शोधून काढल्या असे म्हणणेही चूक आहे. त्यांनीही त्या दुसऱ्याकडून घेतल्या.

अरबी व्याकरणाचा पहिला थोर ग्रंथ कुणी लिहिला? सीबवैहने, आठव्या शतकात, बसऱ्यात. आणि सीबवैह अरब नव्हता. तो इराणी होता, अरबी त्याच्या आईची भाषा नव्हती. हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. ज्याला भाषा घरातच मिळते त्याला व्याकरणाची गरज भासत नाही. जो बाहेरून येतो, अडखळतो, चुकतो, त्यालाच नियम शोधावे लागतात. व्याकरण ही बाहेरून येणाऱ्यासाठी लावलेली शिडी आहे. आमच्या मुलांना मात्र आम्ही ती भिंत म्हणून दाखवत आलो.

इंग्रजीचीही हकीकत अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात ज्या व्याकरणावर इंग्लंड-अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या शिकल्या, ते लिंडली मरे या गृहस्थांनी लिहिले. मरे जन्माने अमेरिकेतले, पुढे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात स्थायिक झाले. तिथल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांना शिकवायला सोपे पुस्तक हवे होते, म्हणून त्यांनी ते लिहिले. १७९५ मध्ये ते छापले गेले. ज्या पुस्तकाने जगभरची मुले घाबरली, ते मुळात मुलींच्या एका लहान शाळेच्या सोयीसाठी लिहिले गेले होते.

मरेचे हे पुस्तक हिंदुस्थानात आले आणि मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या हाती पडले. दादोबांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर मरेचा नमुना होता. मराठीचे व्याकरण त्याआधीही लिहिले गेले होते. विल्यम कॅरी यांचे १८०५ मधले आहे, पण ते परक्यांना मराठी शिकवण्यासाठी होते. मराठी मुलाने आपली भाषा शाळेत व्याकरणातून शिकावी, ही वाट दादोबांनी रुळवली. आज आपली मुले मराठीच्या तासाला ज्या आठ शब्दजाती पाठ करतात, ती चौकट याच वाटेने आली. मरेने नऊ मोजल्या होत्या, कारण त्याने 'अ' आणि 'द' या आर्टिकलना वेगळी जात दिली होती. मराठीत आर्टिकलच नाही, ती जात आपोआप गळाली.

याच दादोबांची १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून नेमणूक झाली ती अहमदनगरला. म्हणजे मराठी व्याकरणाचा हा जनक आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत बसून गेला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले ज्या 'तर्खडकरां'वर इंग्रजी शिकली, ते भाषांतर पाठमालेचे कर्ते मात्र दुसरे, द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. आडनाव एकच असल्याने लोक दोघांना एक समजतात. त्यांच्या पाठमालेची रीत साधी होती. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी, मग मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. आपल्या भाषेतून पलीकडे जायचे आणि परत आपल्या भाषेत यायचे.

आपण उशिरा का आलो

या सगळ्यात आपण कुठे होतो, हा प्रश्न कुणाही मुस्लिम वाचकाच्या मनात येईल. त्याचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे : बुजुर्गांनी इंग्रजीला हराम ठरवले, म्हणून आपण मागे पडलो. हे उत्तर पूर्ण खोटे नाही. पण ते इतके सोयीचे आहे की त्यापुढे कुणी विचारच करत नाही.

इंग्रजी शिक्षणाला फी लागत होती, ते शहरात होते, आणि त्याकडे नेणारी प्राथमिक शाळा ज्या भाषेत होती ती मुलाच्या घरातली नसायची. शेतकऱ्याच्या, विणकराच्या, तांबोळ्याच्या, मणियाराच्या पोराने तिथवर पोहोचायचे कसे? हा अडसर फतव्याचा नव्हता, ऐपतीचा आणि भाषेचा होता. शिवाय हा अडसर केवळ मुसलमानांपुढे नव्हता. त्या काळात कुणब्याचे किंवा महार-मांगांचे पोर तरी इंग्रजी शाळेत कुठे दिसत होते?

आपल्यातही हे ओळखणारी माणसे होती. बद्रुद्दीन तय्यबजींच्या वडिलांनी, म्हणजे एका बोहरा व्यापाऱ्याने, आपल्या मुलांना विलायतेत शिकायला धाडले. बद्रुद्दीन १८६७ मध्ये मुंबईत बॅरिस्टर म्हणून उभे राहिले, तेव्हा त्या हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर होते. १८७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. अलिगढची सर सय्यदांची शाळा सुरू झाली १८७५ मध्ये. म्हणजे मुंबईतला हा प्रयत्न अलिगढच्या मागून आलेला नाही, बरोबरीचा आहे. अंजुमनच्या शाळेत दीन आणि उर्दूबरोबर इंग्रजी शिकवायची, असा त्यांचा रोख होता. घरची भाषा सोडून इंग्रजी घ्या, असे त्यांनी सांगितले नाही.

१८८२ मध्ये हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. जिथे लोकांची मागणी असेल तिथे मुसलमानांच्या शाळांतून हिंदुस्थानी हे माध्यम असावे, शिष्यवृत्त्या द्याव्यात, त्यांच्यातून शिक्षक तयार करावेत, अशा शिफारशी त्याने केल्या. आजच्या उर्दू शाळांचे एक मूळ तिथे आहे. पण त्यातूनच एक गाठही पडली. प्राथमिक शिक्षण उर्दूत, आणि मॅट्रिकची परीक्षा इंग्रजीत. मधल्या उडीसाठी पूल कुणी बांधायचा, हे कागदावर राहिले. माझ्या मते आज, एवढ्या वर्षांनंतरही, आमची दहावीची मुले त्याच उडीच्या काठावर उभी आहेत.

गोदावरीचे दोन काठ

शेवगाव तालुक्यातल्या मुंगी गावी गेलात की समोर गोदावरी आणि पलीकडे पैठण दिसते. आज मध्ये कुठली सीमा नाही. शेवगावची माणसे तासाभराच्या आत पैठणला जाऊन येतात. पण १९४८ पर्यंत या काठावर मुंबई इलाखा होता आणि त्या काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान. पाणी एकच, पण दोन काठांवर दोन सरकारे, दोन नाणी आणि शिक्षणाच्या दोन वेगळ्या दिशा.

या काठावरचे मूल मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिककडे पाहत शिकायचे, आणि तिथे इंग्रजीशिवाय पान हलत नसे. त्या काठावर १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठ काढण्याचे फर्मान निघाले. विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान सारे उर्दूतून शिकवायचे, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवायचा. भाषांतरासाठी 'दारुत्तर्जुमा' हे स्वतंत्र खाते काढले गेले आणि त्याचे पहिले प्रमुख झाले मौलवी अब्दुल हक.

हे अब्दुल हक आमच्यापासून फार लांब नव्हते. त्यांच्या आयुष्यातली मोठी उमेदीची वर्षे औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेली. तिथे ते शिक्षण खात्यात होते, तिथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे तिथूनच चालवला. १९१४ मध्ये त्यांचे 'कवाइद-ए-उर्दू' हे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक धाडसाची गोष्ट मांडली. उर्दूत अरबी-फारसी शब्द कितीही असोत, तिचा सांगाडा हिंदुस्थानी आहे, तिची क्रियापदे इथल्या मातीतली आहेत. म्हणून अरबीचे सर्फ़-नह्व तिच्यावर जसेच्या तसे लादू नये. एका मौलवीने हे लिहिले, आणि मराठीच्या मुलखात बसून लिहिले.

त्याच अंजुमनने १९३७ मध्ये मोठा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध केला. त्यावर प्रकाशनस्थळ आहे औरंगाबाद. इंग्रजी शब्दाला उर्दूत चपखल शब्द हवा म्हणून मराठवाड्यात माणसे वर्षानुवर्षे बसली होती, आणि नदीच्या अलीकडे आमची मुले इंग्रजी ही आपल्यासाठी नाहीच असे समजत होती. ही हकीकत आमच्या शाळेत मला कुणी सांगितली नव्हती. शिक्षक झाल्यावर मीही मुलांना सांगितली नाही.

मुलींच्या बाबतीतही एक गोष्ट नोंदवायला हवी. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फरार या शिक्षिका १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतिराव फुले यांनी नगरला येऊन ती शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद तिथून घेतली. पुढे पुण्याच्या त्या कामात सावित्रीबाईंबरोबर फातिमा होती. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात तिचे नाव येते. यॉर्कमधल्या मुलींसाठी लिहिलेले व्याकरण, नगरमधली मुलींची शाळा, आणि शेवगावात पहिल्या बाकावरून प्रश्न विचारणारी मुलगी. हे धागे मी जुळवलेले नाहीत, ते जुळलेलेच होते. मी फक्त उशिरा पाहिले.

किल्ल्यातला कैदी

उजळणीचा दुसरा भाग गोष्टीचा असतो. कथानक, पात्रे, स्थळकाळ, संघर्ष, शेवट, आशय. मुले हे घटकही पाठ करतात, जणू औषधाच्या दुकानातली यादी. इथेही इतिहास उपयोगी पडतो. कथानकाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा, हे ॲरिस्टॉटलने शोकनाट्याबद्दल सांगून ठेवले. अमेरिकेत एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये मांडले की लहान गोष्ट एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मनावर एकच ठसा उमटावा. जर्मनीत गुस्टाफ फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये नाटकाच्या चढ-उताराची आकृती मांडली, तीच आज शाळेत गोष्टीसाठी फळ्यावर काढतात. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी लघुकथेचे तंत्र मराठीत समजावून सांगितले.

पण गोष्ट त्याआधीच प्रवास करत होती. पंचतंत्र इथून इराणात गेले, तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने नेले, पुढे फारसीत आणि फारसीतून उर्दूत परत आले. गोष्ट जाते, भाषा बदलते आणि परत घरी येते. मग आमच्या पोराने इंग्रजीत एक गोष्ट लिहायला का घाबरावे?

इथे मला मौलाना अबुल कलाम आझाद आठवतात. त्यांचे शिक्षण घरी, जुन्या पद्धतीने झाले. वडिलांना नवे शिक्षण मान्य नव्हते. सर सय्यदांचे लेखन वाचल्यावर मौलानांना वाटले की आजचे ज्ञान घेतल्याशिवाय माणूस पुरा शिकलेला म्हणता येणार नाही. मग ते इंग्रजी कसे शिकले? १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी ते सांगितले आहे. मौलवी मोहम्मद यूसुफ जाफरी यांच्याकडून त्यांनी अक्षरे शिकून घेतली, प्यारीचरण सरकारांचे पहिले पुस्तक वाचले. मग बायबल घेतले, एक इंग्रजी, एक फारसी, एक उर्दू, आणि तिन्ही शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून वाचली. त्यानंतर कोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे. कॉलेज नाही, क्लास नाही, गाईड नाही. तीन भाषा शेजारी ठेवणे, एवढीच त्यांची पद्धत. आमची मुले रोज तीन भाषा दप्तरात घेऊन येतात, आणि आम्ही त्या एकमेकींपासून दूर ठेवतो.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मौलानांना अटक झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या इतर सदस्यांबरोबर त्यांना नगरच्या किल्ल्यात आणले गेले. याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलानांनी तिथे नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली, जी तुरुंगातून पाठवता येत नव्हती. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यात चिमणा-चिमणीची हकीकत आहे. मी ती उजळणीला घेतो.

मुलांना विचारतो : स्थळ कोणते? नगरचा किल्ला, कैद्याची खोली. म्हणजे एस.टी.ने गेलो तर दुपारपर्यंत पोहोचू असे ठिकाण. काळ? १९४३. पात्रे? एक कैदी आणि छताला घरटी करणाऱ्या चिमण्या, ज्यांना त्याने कलंदर, मोती अशी नावे दिली. संघर्ष? चिमण्या काड्या-कचरा टाकतात, कैद्याला खोली स्वच्छ हवी, तो त्यांना हुसकावतो, त्या पुन्हा येतात. मग वळण कुठे येते? कैदी हार मानतो. लढाई सोडून तहाचा हात पुढे करतो. तांदळाचे दाणे ठेवतो, रोज थोडे जवळ, आणखी जवळ. शेवट? चिमण्या त्याच्या हातावरून दाणे टिपतात. आणि आशय? इथे मुले गप्प होतात. मग मागून कुणीतरी म्हणते, "सर, वो खुद बंद था ना, इसलिए." एवढे पुरे असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मौलानांच्या बेगम कलकत्त्यात वारल्या आणि ते तुरुंगातच होते, हे मी सांगतो तेव्हा वर्गात आवाज नसतो. गोष्टीचे घटक त्या दिवसानंतर पाठ करावे लागत नाहीत.

घरातच होते

व्याकरणाचेही तसेच झाले. मौलानांची रीत मी माझ्या वर्गापुरती करून पाहिली. भाषा शेजारी ठेवल्या.

इंग्रजीतला 'द' आमच्या मुलांना कधी कळत नाही, कारण मराठीत तो नाही आणि उर्दूतही नाही. पण मदरशात सकाळी अरबी कायदा शिकलेल्या मुलाला 'किताबुन' आणि 'अल-किताब' यांतला फरक दाखवता येतो. पहिले कुठले तरी एक पुस्तक, दुसरे ते ठरावीक पुस्तक. म्हणजेच 'अ बुक' आणि 'द बुक'. प्रिपोझिशन नामाच्या आधी का येते, हेही त्यांना नवे नाही. आपण 'मेज़ पर' म्हणतो, मराठीत 'टेबलावर' म्हणतो, दोन्हींत तो शब्द मागे येतो. पण दिवसातून कितीदा तरी जे 'बिस्मिल्लाह' तोंडी येते, त्यात 'बि' आधी, मग 'इस्म', मग अल्लाहचे नाव. इंग्रजी वाक्याचा क्रम अगदी तोच. 'गुबार-ए-खातिर'मधला 'ए' म्हणजे इंग्रजीतला 'ऑफ', तोही त्याच जागी.

प्रयोग बदलण्याचा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड वाटतो. उर्दूत त्याला 'मजहूल' म्हणतात, म्हणजे अज्ञात. करणारा अज्ञात आहे किंवा सांगायचा नाही, तेव्हा ही वाक्यरचना येते. खिडकीची काच कुणी फोडली असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "काच फूट गई, सर." करणारा गायब करायचा कसा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते. फक्त इंग्रजीत हेच काम पॅसिव्ह करतो हे सांगायचे राहिले होते.

आणि एक गंमत. आमच्या घरात जी दखनी बोलली जाते, तिला शाळेत नेहमी हिणवले जाते. किताबी उर्दूत 'मैंने रोटी खाई' म्हणायचे, मुलगा बोलला तरी रोटीप्रमाणे क्रियापद. मराठीतही 'मी भाकरी खाल्ली'. पण आमची दखनी म्हणते, 'मैं रोटी खाया'. क्रियापद करणाऱ्याच्या मागे चालते. इंग्रजीचेही तेच आहे, क्रियापदाने कर्त्याशी जुळवून घ्यायचे. ज्या बोलीला आम्ही चूक म्हणून लाल शाईने खोडत आलो, ती या एका बाबतीत इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. दखनी ही चुकलेली उर्दू नव्हे. तिला तिचे स्वतःचे नियम आहेत, म्हणजेच स्वतःचे व्याकरण आहे. हे समजले त्या दिवशी मी लाल पेन खाली ठेवले.

महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे दहावीला येईपर्यंत मुलाने दहा वर्षे इंग्रजी घेतलेले असते. तरीही भीती तशीच आहे, आणि पालक उर्दू शाळेतून मुले काढून इंग्रजी माध्यमात घालत आहेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना पोरांच्या पोटाची काळजी आहे. पण दोष उर्दूचा आहे असेही मला वाटत नाही. दोष आमच्या तीन बंद दारांचा आहे. उर्दूचे, मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात, पण व्याकरणाचा एक धडा एकत्र बसून आखत नाहीत. मरेकडून दादोबांनी घेतले, आणि उर्दूला स्वतःच्या पायावर उभे करणारे अब्दुल हक इंग्रजीचा कोशही करून गेले. आपण मात्र शेजारच्या वर्गातून घ्यायला तयार नाही. त्यासाठी सरकारी हुकूम लागत नाही, अनुदान लागत नाही. जूनमध्ये एक दुपार लागते.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी खरे उत्तर दिले. म्हटले, ग्रामर एकट्या इंग्रजांनी नाही बनवले. एका इराण्याने अरबांचे लिहिले, एका अमेरिकन माणसाने इंग्रजांच्या मुलींसाठी लिहिले, एका मराठी माणसाने त्यावरून मराठीचे लिहिले आणि तो पुढे आपल्या नगरला राहून गेला, एका मौलवीने नदीपलीकडे बसून उर्दूचे लिहिले. ज्याला गरज पडली त्याने बनवले. तिने हे वहीत लिहून घेतले. परीक्षेत ते विचारणार नाहीत, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. तिचे अब्बा गाडी लावून आलेले, हातात पाण्याची बाटली. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी काहीच विचारले नाही, बाटली पुढे केली. तिनेच मला सांगितले, गोष्ट लिहिली. कशावर? "चिड़िया पे, सर. पर मेरी चिड़िया शेवगाव की है."

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत ती पास झाली, गुण काठावरचेच होते. अकरावीला तिने नाव घातले.